पाकीटभर तिकिटं

नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात लहानूतात्या विधात्यांचं झेंडूचं आणि शेवंतीचं रान होतं. पण तात्यांचं मन फुलांत कमी आणि सोयरिकींत जास्त, हे त्यांच्या बायकोनं, नवसाबाईनं, लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला ओळखलं. दसरा म्हणजे झेंडूवाल्याची सुगी. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. आणि नेमका त्याच दिवशी हा गडी फुलांच्या करंड्या नव्या नवरीच्या हवाली करून गायब! दुपारी उगवला तो तोंडभर हसत.

"मामाच्या पोरीचं जमलं," म्हणाला. "दिंडोरीला दिली."

"आन् फुलं?" नवसाबाईनं विचारलं.

"फुलं काय, पुढल्या दसऱ्याला बी येतील. असलं स्थळ येतं का?"

तेव्हापासून नवसाबाईनं हार गुंफता गुंफता नवऱ्याचा हा नाद सांभाळला. समाजात कुणाची पोरगी लग्नाला आली, कुणाचं पोरगं हाताशी आलं, की तात्यांना निरोप ठरलेला. तात्यांनी या कामाचा कधी रुपया घेतला नाही. जेवण मात्र कधी टाळलं नाही. कोणत्या घरात पोरगी सुखात राहील ते आमटीच्या चवीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि खात्री करून घ्यायला ते दुसरी वाटी मागत. आधी सायकल होती, पुढं लुना आली. लुना आल्यावर तर चांदवडपासून सायखेड्यापर्यंत तात्यांनी चाखली नाही अशी आमटी उरली नाही.

नव्वद सालानंतर पत्रंही येऊ लागली. पोरं शिकली होती, बापाच्या सांगण्यावरून झोकदार अक्षरात माहिती लिहून देत होती. रंग, उंची, शिक्षण, जमीन किती, विहिरीला पाणी किती. बागलाणातल्या एकानं तर "पोर गुणनी शे, बाकी तुम्ही जाणताच" एवढ्यावरच काम भागवलं होतं. आणि बहुतेक प्रत्येक पत्राच्या घडीत, उलट टपाली कळवावे म्हणून, एक-दोन कोरी तिकिटं.

आता उत्तर लिहितील तर ते तात्या कसले! "कागदावर सोयरीक जुळती का?" ते म्हणायचे. "समोर बसावं लागतं. माणसाचं तोंड बघावं लागतं." म्हणजे लुना निघायची. पत्र फळीवरच्या खिळ्याला टोचलं जायचं आणि तिकिटं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पडायची. ती खर्चायची मात्र नाहीत, असा तात्यांचा दंडक होता. एकदा नवसाबाईला येवल्याच्या चुलतभावाला राखी पाठवायची होती. तिनं डब्याकडं हात नेला तर तात्या ओरडले, "त्याला हात नको लावू! लोकांच्या पोरींची तिकिटं हायेत ती. त्यांच्यावर आपली राखी जायची नाय." आणि भर दुपारी पोस्टात जाऊन नवं तिकीट घेऊन आले. नवसाबाईला या सचोटीचं हसूही यायचं आणि मनातून बरंही वाटायचं. दहा-बारा वर्षांत डबा गच्च भरला. टपालाचे दर वाढत गेले तशी आतली तिकिटं किमतीनं लहान होत गेली. मोठ्या कुटुंबात धाकट्या जावा असतात ना, तशी. आहेत सगळ्या, पण एकटीनं कुणाचंच भागत नाही.

मग सिंहस्थ आला.

म्हणजे यायचा होता, पुढल्या पावसाळ्यात. आणि गोदाकाठची माणसं सिंहस्थ लागला की लग्नं करत नाहीत. वर्षभर सनई बंद. त्यामुळं ज्याच्या त्याच्या घरी एकच घाई सुटली: पावसाळ्याच्या आत पोरगी उजवा. संक्रांतीपासून विधात्यांच्या दारात चपलांची रास आणि खिळ्यावर पत्रांचा गठ्ठा. तात्यांच्या आयुष्यातला हा खरा हंगाम. आणि बरोबर याच हंगामात ते पडले.

तेही कसे, तर घर बघता बघता. सिंहस्थाच्या तयारीला रस्ते जागोजाग खोदलेले. तात्यांना रस्त्याकडेला कुणाचं तरी नवं दुमजली घर दिसलं. "खिडक्या मोठ्या हायेत, पोरगं कमावतं असणार," असा विचार मनात चालला होता, तोवर लुना खड्ड्यात आणि तात्या लुनाखाली. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून आले ते कमरेपर्यंत प्लास्टर घालून, बाजेवर आडवे. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंत हलायचं नाही म्हणून सांगितलं.

"उन्हाळ्यापर्यंत!" तात्या आढ्याकडं बघत म्हणाले. "तोवर निम्म्या समाजाच्या पोरी घरात राहतील."

"तुमच्याबिगर बी लग्नं व्हत होती म्हणं पूर्वी," नवसाबाई म्हणाली.

 दोन दिवस तात्या दुखण्यापेक्षा काळजीनंच कण्हत होते. तिसऱ्या दिवशी नवसाबाईनं फळीवरून डबा काढला, खिळ्यावरचा गठ्ठा उतरवला आणि दोन्ही त्यांच्या छातीवर ठेवलं.

"लिहा आता. पाय मोडलाय, हात नाय मोडला."

"अगं पण ही तिकिटं ज्यांची त्यांची..."

"ज्यांची व्हती त्यांच्या पोरींची पोरं शाळंत जायला लागली. लिहा!"

तात्या लिहू लागले आणि पाकिटं तयार करायचं काम नवसाबाईकडं आलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. पत्ता सावकाश, गोल अक्षरात लिहायची. अडचण तिकिटांची होती. पाकिटाला पाच रुपये पडत होते आणि डब्यात सगळी चिल्लर. शिवाय पावसाळ्यांनी निम्मी एकमेकांना चिकटलेली. ती पाण्यात सोडवली तर मागचा डिंक गेला. तिनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि पहिलं पाकीट चिकटवून पोस्टात नेलं.

खिडकीवर सुवर्णा नावाची तरुण कारकून बसायची. तिनं पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

"मावशी, हे पत्र आहे की गोधडी?"

"का, चालायचं नाय? लय जुनी हायेत ती."

"जुनी चालतात. फाटकी नको आणि शिक्का बसलेली नको, बास."

"म्हंजे माणसापरीस बरं," नवसाबाई म्हणाली. "आमच्या घरी एक जुनं झालंय, ते तर मुळीच चालंना."

सुवर्णा हसली खरी, पण मग तिला शिक्के मारायचे होते. धाड, धाड, धाड. एकही तिकीट शिक्क्यावाचून सोडायचं नाही हा नियम. पाकीट संपेतो मागं रांग लागली. दुसऱ्या दिवशी नवसाबाईनं चार पाकिटं नेली तेव्हा सुवर्णानं आधी बांगड्या मागं सरकवल्या आणि मग म्हणाली, "द्या." आणि एकदा तर तिनं पाकीट परतच केलं. चारी बाजूंनी तिकिटं लावता लावता पत्त्याला जागाच राहिली नव्हती. नवसाबाईनं तो मागच्या बाजूला, झाकणाच्या चिरेत लिहिला होता.

"हे कुणाला जायचंय मावशी? पोस्टमननं वास घेत जायचं का?"

त्यानंतर नवसाबाई पत्ता आधी लिहू लागली आणि तिकिटं त्याच्याभोवती लावू लागली. आणि खरं सांगायचं तर, यात तिला मजा येऊ लागली. आयुष्य हार गुंफण्यात गेलेली बाई. झेंडूच्या दोन फुलांत शेवंती कुठं घालायची हे तिच्या बोटांना न विचारता कळायचं. तशीच ती तिकिटं मांडायची: लाल एक, हिरवं एक, कोपऱ्यात कोंबडीचं पिल्लू, मधे कापसाचं बोंड. ज्याला जे शोभेल ते. शेतकऱ्याला पाण्याच्या पाटाचं, मालेगावच्या मागवाल्याला हातमागाचं. तात्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बाजेपासून पोस्टाच्या पेटीपर्यंतचा कारभार तिचा होता.

त्यातच सायखेड्याच्या सावळीरामांच्या मुलीची गोष्ट निघाली. मुलीचं नाव शुभांगी, बालवाडीत शिकवायची. तात्यांच्या मनात तिच्यासाठी चांदवडच्या चिमाजींचा समाधान बसला होता. मुलगा पदवीधर, घरचा कांदा, स्वतःचा ट्रॅक्टर. स्थळ तोलामोलाचं. तात्यांनी फार विचार करून, दोनदा खोडून, चिमाजींना आदबशीर पत्र लिहिलं. नवसाबाईला म्हणाले, "हे पाकीट चांगलं कर बरं का. मोठं घर हाय."

तिनं डबा चाळला. एक चित्र तिला कधीचं आवडलं होतं. आई, बाप, आणि त्यांना बिलगलेलं लेकरू. खाली बारीक अक्षरं होती, ती काही तिला चष्म्यातूनही लागली नाहीत. पण वाचायची गरज काय? नवरा, बायको, पदरात मूल. लग्नाच्या कागदाला याहून शुभ काय असणार? डब्यात ती तिकिटं भरपूर होती. तिनं ती सगळ्या पाकिटावर ओळीनं लावली, जशा मांडवाच्या दाराला माळा सोडतात.

आठवडा गेला. एका दुपारी पटकाबिटका कडक बांधलेला, मिशा ओठांवर आलेला एक गृहस्थ निमाणी स्टँडवरून सिटी बस धरून विचारत विचारत विधात्यांच्या दारात आला. राम राम नाही, काही नाही.

"लहानूतात्या विधाते हेच का? मी चिमाजी, चांदवडचा."

"या, चिमाजी, या या!" तात्यांना वाटलं, स्थळ स्वतः चालून आलं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, तो प्लास्टरनं होऊ दिला नाही. "अगं, पाणी आण! चांदवडचे पाव्हणे आले."

"पाणी राहू द्या." चिमाजींनी खिशातून पाकीट काढलं आणि तात्यांच्या प्लास्टरवर आपटलं. "आधी हे काय ते सांगा. नाशिकरोडला तिकिटं छापत्यात म्हणून नाशिककरांनी ती अशी लोकांच्या तोंडावर मारायची व्हय?"

तात्यांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. मग ओठ हलवत वाचलं. "परिवार... नियोजन." पुन्हा दुसऱ्या तिकिटावर वाचलं. तिसऱ्यावर. सगळ्यांवर तेच होतं. त्यांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवसाबाईनं ती नजर पहिल्यांदाच बघितली.

"पाच पोरींच्या पाठीवर माझा समाधान झाला," चिमाजी म्हणाले. आवाज चढा होता, पण त्यात रागापेक्षा दुसरंच काही होतं. "गाव मला वीस वर्षं हसतंय. आमचा पोस्टमन हे पाकीट घेऊन आधी पारावर गेला. सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं, मग मला दिलं. म्हणत्यात, 'चिमाजी, सरकारचं पत्र आलंय बघ. जरा उशीर झाला म्हणं त्यांना!'"

यावर गप्प बसायला हवं होतं. नवसाबाईनं पदर तोंडाला लावला, खाली बघितलं, अंगणातल्या कोंबड्या मोजल्या. पण हसू काही ऐकेना. ते फुटलंच, आणि फुटलं ते खळाळून, बाजेचा खूर धरून बसावं लागलं इतकं. तात्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या हिशेबी चांदवड तालुका हातचा गेला होता.

"वहिनी," चिमाजी थंड आवाजात म्हणाले, "तुमी बी?"

नवसाबाईनं डोळे पुसले. "चुकलं भाऊ. तिकिटं मीच लावली. यांचा काय बी दोष नाय, यांना तर पाकीट दिसलं बी नव्हतं. मला वाटलं, नवरा-बायको हाय, लेकरू हाय, लग्नाला शुभ. खालचं वाचता आलं असतं तर कशाला लावलं असतं? आन् हसले ते तुमाला नाय. मला माझा बाप आठवला."

"तुमचा बाप?"

"मी सहावी. पाच बहिणींच्या पाठीवर बापानं देवीला नवस केला, यंदा पोरगा दे म्हणून. आन् मी आले. नाव काय ठेवलं बघा: नवसाबाई! आता शाळंत, बाजारात, सासरी, जिथं नाव सांगावं तिथं लोक विचारणारच, कसला नवस? तुमाला वीस वर्षं हसत्यात. मला जन्मापासून."

चिमाजी उभेच होते. हात कमरेवर होते ते खाली आले. मिशीखाली काहीतरी हललं.

"मंग नवस फेडला का नाय तुमच्या बापानं?"

"फेडला की. म्हणला, देवीनं ऐकलं, पण अर्धंच. म्हणून नारळ बी अर्धाच वाहिला. अर्धा आमी खाल्ला."

आता चिमाजी बसले. बसून हसले, आणि हसता हसता त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. तेव्हा कुठं तात्यांनी डोळे उघडले आणि हळूच विचारलं, "पाणी घ्याल ना आता?"

पाणी झालं, चहा झाला, जेवायची वेळ झाली. नवसाबाईनं भाकरी टाकली, वांग्याचं भरीत केलं, वर ठेचा. चिमाजींनी भरीत दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा तात्यांनी बायकोकडं अर्थपूर्ण बघितलं. जेवणानंतर मुलीची चौकशी झाली. किती शिकली, बालवाडीत काय शिकवते. घरी किती बहिणी, हे मात्र चिमाजींनी विचारलं नाही.

"पोरगी बघायला यायला हरकत नाय," शेवटी ते म्हणाले. "सावळीरामांना तसं कळवून टाका. पण," आणि त्यांनी बोट उगारलं, "तिकिटं मी निवडणार."

डबा ओसरीवर पालथा झाला. चिमाजी मांडी घालून बसले आणि एकेक तिकीट उन्हाकडं धरून बघू लागले. वाघाचं नको, धाक दाखवल्यागत वाटंल. आगगाडीचं नको, पोरगी लांब चालली असं तिच्या आईला वाटंल. एका पुढाऱ्याचं होतं, ते त्यांनी शब्दही न बोलता परत टाकलं. दुधाच्या जनावराचं एक आवडलं, पण ती गाय की म्हैस यावर तात्यांशी अर्धा तास वाद झाला. गाय ठरली. नवसाबाई खळ ढवळत बसली होती. तिच्या मनात आलं, एवढ्या वेळात चिमाजी चालत सायखेड्याला जाऊन सांगून आले असते.  दोघं पुरुष तिकिटांवर डोकी टेकवून असे बसले होते, की जणू लग्न तिथंच ठरत होतं.

ते पाकीट बिनबोभाट पोचलं. सावळीरामांचं उत्तर आलं, दिवस ठरला. तात्यांचा पाय अजून प्लास्टरमध्येच. मग जायचं कुणी? मध्यस्थाशिवाय बघणं होत नाही.

"तू जा," तात्या म्हणाले. म्हणताना त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग सूचना सुरू झाल्या: बसायचं कुठं, विचारायचं काय, आमटी कशी ओळखायची.

"आमटी मला नका शिकवू," नवसाबाई म्हणाली आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

सायखेड्याला सगळं रीतसर झालं. पोहे झाले, शुभांगीनं पाट घेतला, नाव-गाव विचारून झालं. चांदवडकर गंभीर, सायखेडकर त्याहून गंभीर. समाधान आपल्या बुटांकडं बघत होता. नवसाबाईला सगळं अवघडल्यासारखं वाटलं. तिला वाटलं, तात्या असते तर काहीतरी बोलले असते. तेवढ्यात शुभांगीनंच मान वर केली आणि विचारलं, "तुम्हीच ना मावशी, ते पाकीट चिकटवलेलं?"

गोष्ट सायखेड्यालाही पोचली होती. चांदवडची पोस्टाची थैली आणि सायखेड्याचा बाजार, यांच्यामध्ये अशी कोणती गोष्ट अडते! सावळीरामांचा चेहरा पांढरा पडला. चिमाजींनी मिशीवर हात नेला. आणि समाधान, बुटांकडं बघणारा समाधान, खदकन हसला.

"मी ठेवलंय ते," बापाकडं बघत तो म्हणाला. "दादा फाडणार होते. मी मागून घेतलं."

"मला बघायचंय," शुभांगी म्हणाली.

मोठ्यांनी एकमेकांकडं बघितलं. पोरगी एवढं बोलते म्हणून सावळीरामांची बायको पुढं सरसावली होती, पण नवसाबाईनं तिचा हात धरून ठेवला. दोघांना बोलू द्यावं, एवढंच तिला त्या क्षणी कळलं. परतीच्या एसटीत चिमाजी म्हणाले, "पोरगी धीट हाय." नवसाबाई म्हणाली, "पाच नणंदांच्या घरात जायचंय. धीटच पायजे." ओझरला उतरता उतरता ते म्हणाले, "तारीख धरा."

लग्न मे महिन्यात, सिंहस्थाच्या आत झालं. तात्या काठी टेकत आले आणि पहिल्या पंगतीला बसले. चिमाजींनी भर मांडवात नवसाबाईला नऊवारीचा आहेर केला, कारण विचारलं तर म्हणाले, "अर्ध्या नवसाचं राहिलेलं." पारावरचे सगळे आले होते, आणि तो पोस्टमनही. त्याला चिमाजींनी आग्रह करकरून इतके लाडू वाढले, की तो पुढचे दोन दिवस टपाल वाटायला निघाला नाही.

पावसाळ्यात सिंहस्थ लागला. लग्नं बंद, पण झेंडूला मरण नाही. गंगेवर रोज गाड्या रित्या होत होत्या. तात्या वर्षभर नाइलाजानं फुलांत लक्ष घालत होते आणि दर आठवड्याला विचारत होते, सिंहस्थ संपायला किती राहिलं. संपला, आणि दिवाळीनंतर पुन्हा पोस्टमन यायला लागला. पहिलं पत्र मालेगावकडचं होतं. तात्यांनी पत्ता वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"सौ. नवसाबाई विधाते," ते म्हणाले. "माझं नाव नाय याच्यावर. खाली सुद्धा नाय."

"चुकून झालं आसंल," नवसाबाई म्हणाली आणि दोऱ्यात फूल ओवत राहिली. "वाचा तर खरं. काय म्हणत्यात?"

तात्यांनी वाचलं. मुलगी बारावी, शिवण येतं, स्वभावानं शांत.

"शांत म्हणजे काय?" नवसाबाईनं विचारलं. "खरंच शांत का घाबरट?"

"ते काय पत्रात कळतंय?"

"नाय कळत. समोर बसावं लागतं." तिनं दोऱ्याला गाठ मारली, हार करंडीत ठेवला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "गुरुवारी बाजार नाय. लुनात पेट्रोल घालून ठेवा. मी बी येते."

तात्यांनी पत्राची घडी केली. मग एकदम आठवण झाली तसं म्हणाले, "आन् माझं काम काय मंग तिथं?"

"लुना चालवायचं," नवसाबाई म्हणाली. "आन् रस्त्याकडं बघायचं."